असईचे गोलंदाज

‘पानिपत झाले’ असे आपण अजून बोलून जातो. त्या लढाईवर कादंबऱ्या आहेत, नाटके आहेत, पोवाडे आहेत. पानिपताने पिढी गारद केली हे खरेच, पण ते नुकसान मराठ्यांनी दहा-अकरा वर्षांत भरून काढले. थोरल्या माधवरावांच्या हयातीतच मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या आणि १७७२ साली त्यांनी शाह आलम बादशहाला तख्तावर नेऊन बसवले. जी लढाई कधीच भरून निघाली नाही ती पुढे झाली, आणि तीही महाराष्ट्राच्याच मातीत. जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी तीनच्या सुमारास तिथे तोफा सुरू झाल्या आणि दिवस मावळेपर्यंत हिंदुस्थानचा धनी कोण याचा निकाल लागला. शाळेच्या पुस्तकात या दिवसाला एखादी ओळ मिळते. मला ते फार लागते, कारण त्या दिवशी शिंद्यांच्या तोफांपाशी जी माणसे मेली, त्यांच्याइतके चिवटपणे इंग्रजांसमोर त्याआधी फार थोडे लोक उभे राहिले होते.

लढाईची मुळे पुण्यात होती. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस वारले आणि दौलतराव शिंदे, यशवंतराव होळकर व पेशवा दुसरा बाजीराव यांना एकमेकांपासून आवरणारा माणूस उरला नाही. १८०१ च्या एप्रिलात बाजीरावाने यशवंतरावाचा भाऊ विठोजी याला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले. त्या सूडाने पेटलेला यशवंतराव पुण्यावर चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला त्याने शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव कोकणात उतरला, महाड आणि सुवर्णदुर्ग करीत इंग्रजी जहाजातून वसईला पोचला, आणि तिथे ३१ डिसेंबरला त्याने तह केला. ईस्ट इंडिया कंपनीचे किमान सहा हजार पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि परराज्यांशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत. मराठी राज्याच्या प्रमुखाने स्वतःची गादी परत मिळावी म्हणून राज्याचे स्वातंत्र्य लिहून दिले. यशवंतरावाचा संताप कितीही समजला तरी त्याने पुण्याभोवतीच्या मुलखाची जी लूट केली तिलाही माफी नाही. त्या लुटीवर पाऊस दगा देऊन गेला आणि १८०३-०४ च्या दुष्काळात दख्खनची गावेच्या गावे ओस पडली.

कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता रिचर्ड वेलस्ली. त्याचा धाकटा भाऊ आर्थर, वय चौतीस, म्हैसूरहून फौज घेऊन निघाला, २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यात पोचला आणि १३ मे रोजी त्याने बाजीरावाला गादीवर बसवले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांना वसईचा तह मान्य नव्हता. दोघे फौजांसह अजिंठ्याच्या डोंगराजवळ येऊन राहिले. कर्नल कॉलिन्स हा रेसिडेंट शिंद्यांच्या छावणीत कित्येक आठवडे वाटाघाटी करत बसला होता. ३ ऑगस्टला त्याने छावणी सोडली आणि युद्धाला तोंड लागले. होळकरही आपल्या बाजूने येईल अशी शिंदे-भोसल्यांची आशा होती. यशवंतराव आला नाही. विठोजीचा खून ज्यांच्या मांडवाखाली झाला त्यांच्यासाठी तो तलवार काढणार नव्हता. शिवाय शिंदे-होळकरांचे वैर जुने होते. १७९३ साली लाखेरीला महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींनी तुकोजी होळकराच्या फौजेला झोडपले होते, म्हणजे मराठ्यांनी उभारलेली सर्वांत आधुनिक फौज मराठ्यांवरच चालवून झाली होती.

त्या फौजेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण असईला तीच उभी होती. उत्तर हिंदुस्थानातल्या लढायांत महादजींना एक गोष्ट उमगली होती की नुसत्या घोडदळाच्या जोरावर पुढचा काळ काढता येणार नाही. १७८४ पासून त्यांनी द बॉयन् या सव्हॉयच्या सरदाराकडून बंदूक-संगिनीचे कवायती कंपू उभे करून घेतले. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉच माणसाच्या हाताखाली तोफा ओतायचा कारखाना चालू झाला. या कंपूंनी १७९० साली पाटण आणि मेडता या लढाया मारल्या. तोफा ओतणारे, दारू कुटणारे, तोफ डागणारे बहुतेक सारे हिंदुस्थानी होते आणि ते आपल्या कामात कुठल्याही युरोपीय तोफखान्याला उणे नव्हते. उणीव होती ती एकाच जागी. अंमलदार, म्हणजे पलटणीला हुकूम देणारे लोक, जवळजवळ सगळे परके आणि पगारी होते. १७९४ साली महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले तेव्हा दौलतराव पंधरा वर्षांचे होते. द बॉयन् नंतर मायदेशी गेला, त्याच्या जागी पेराँ आला. कारभार दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांच्यासारख्यांच्या हाती गेला, आणि महादजींच्या विधवा बायांशीच लढाई करण्यात शिंद्यांची शक्ती खर्च झाली. आपल्याच घरातले तरुण निवडून त्यांना कंपूंचे अंमलदार करावे, हे कुणाच्या मनात आले नाही. महादजींच्या मोठेपणापुढे मी नतमस्तक आहे, पण ही चूक त्यांची आहे आणि ती सगळ्यांत महाग पडली.

वेलस्लीने युद्धासाठी पावसाळा मुद्दाम पत्करला. नद्या भरलेल्या असल्या की मराठी घोडदळाला मोकळे फिरता येत नाही, आणि त्याच्याकडे तर नद्या उतरण्याची तयारी होती. धान्यासाठी वंजाऱ्यांचे तांडे त्याने आधीच बांधून घेतले होते, बैलांची निगा तो जातीने पाही, आणि कंपनीची हुंडी सराफ बिनबोभाट वटवत. समोरच्या छावणीत पगार थकलेले होते. ८ ऑगस्टला त्याने अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ ऑगस्टला किल्ला. त्याच्याबरोबर पेशव्यांचे मराठी सरदारही होते. त्यांतला एक बापू गोखले. नगरची पेठ पडली ते पाहून गोखल्यांनी पुण्याला कळवले, असे सांगतात, की हे इंग्रज अजब लोक आहेत, सकाळी आले, तट पाहिला, वर चढून गेले, आतली शिबंदी मारली आणि न्याहारीला परतले. हेच बापू गोखले पुढे खडकीला इंग्रजांशी लढले आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला रणात पडले. १८०३ साली मात्र पेशव्यांची तलवार वेलस्लीच्या बाजूला होती.

२१ सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि हैदराबादेकडून आलेला कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी वेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला भोकरदनजवळ एकत्र हल्ला करायचा असे ठरले. २३ ला सकाळी वेलस्ली नळणीला पोचला तेव्हा त्याला कळले की शत्रूची सगळी फौज दोन-तीन कोसांवरच आहे, आणि घोडदळ निघाले असून पायदळही निघण्याच्या बेतात आहे. तो पाहायला पुढे गेला तर केळणेच्या पलीकडे अख्खी छावणी पसरलेली. तीस ते चाळीस हजार घोडेस्वार, हजारो बेकवायती पायदळ, आणि पोलमन, द्यूपाँ या शिंद्यांच्या युरोपीय अंमलदारांच्या व शिंद्यांच्या बाजूच्या बेगम समरूच्या मिळून दहा हजारांवर कवायती शिपाई, शंभरावर तोफांसह. वेलस्लीजवळ प्रत्यक्ष लढाईला साडेचार हजारांच्या आसपास माणूस होता. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार वेगळे, पण त्यांना त्याने नदीच्या अलीकडेच ठेवले. स्टीव्हन्सनची वाट पाहिली तर तोफखाना हातचा जाईल, म्हणून त्याने तिथल्या तिथे हल्ला ठरवला. टॉमस मन्रोसारख्या त्याच्या मित्रानेही पुढे या घाईवर बोट ठेवले आणि वेलस्लीला पत्रांतून आपली बाजू मांडावी लागली.

वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीला दुर्बिणीतून नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर गावे आहेत म्हणजे लोक येत-जात असणार, आणि येत-जात असतील तर उतार असणार, असा त्याने अंदाज बांधला. तो खरा ठरला. पाणी ओलांडताना एका तोफगोळ्याने त्याच्या शेजारच्या स्वाराचे मुंडके उडवले.

इथपर्यंतची गोष्ट वेलस्लीच्या हुशारीची म्हणून सगळे सांगतात. पुढची फार कमी सांगितली जाते. शत्रूच्या डाव्या बगलेवर आपण अचानक जाऊन आदळू, अशी वेलस्लीची अटकळ होती. एवढ्या मोठ्या कवायती फौजेला तोंड फिरवायला वेळ लागेल असे त्याने धरले होते. पण पोलमनच्या पलटणींनी सगळी रांग काटकोनात वळवली, उजवे टोक केळणेला आणि डावे टोक असई गावाला टेकवले, आणि तोफा पुढे काढून तयार झाल्या. अशी हालचाल कवायतीच्या मैदानावरही कठीण असते. समोर शत्रू असताना ती बिनचूक झाली. त्यानंतर जो मारा सुरू झाला त्यात इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज पटापट पडले आणि तोफा तिथेच सोडून पायदळाला संगिनी रोखून पुढे जावे लागले.

नदीच्या बाजूला ७८ वी हायलँडर पलटण आणि मद्रासी शिपाई गोळ्यांच्या पावसातून चालत तोफांना भिडले. शिंद्यांचे गोलंदाज हटले नाहीत. बत्ती हातात असतानाच संगिनींनी भोसकले जाऊन ते तोफेच्या चाकांपाशी पडले. मागचे पायदळ मागे हटले आणि इंग्रज पुढे निघून गेले. मग मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा उलट्या फिरवल्या आणि गेलेल्या पलटणींच्या पाठीवर डागायला सुरुवात केली. वेलस्लीला स्वतः ७८ वी पलटण आणि मद्रासी घोडदळ घेऊन परत यावे लागले. त्याच झटापटीत त्याच्या घोड्याला भाला लागला. त्या दिवशी त्याच्याखाली दोन घोडे पडले. आपले काय होणार हे पुरते ठाऊक असताना जे दुसऱ्यांदा उठून तोफेला भिडले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला कुठल्या छापील पुस्तकात सापडलेले नाही.

असई गावाच्या बाजूला तर इंग्रजांचा सर्वनाश होण्याची वेळ आली होती. ऑरॉक नावाच्या अंमलदाराने आघाडीची तुकडी चुकून थेट गावावर नेली, तिच्यामागोमाग ७४ वी हायलँडर पलटण गेली. गावात तोफा आणि बंदुकवाले दडून होते. पलटण मोडली, मग शिंद्यांचे घोडेस्वार तिच्यावर तुटून पडले. उरलेल्यांनी मेलेल्या सोबत्यांच्या देहांचा आडोसा करून चौक धरला. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने धाव घेतली म्हणून ते वाचले. या क्षणी मराठ्यांच्या हजारो ताज्या घोडेस्वारांपैकी चार-पाच हजार जरी जोराने आले असते, तर आर्थर वेलस्लीचे नाव आज कुणाला ठाऊक नसते असे मला वाटते. घोडदळ आले नाही. दौलतराव आणि रघुजी दोघेही निकालाच्या घडीला रणावर नव्हते. बेगम समरूच्या बहुतेक पलटणी सामानाच्या राखणीला मागे होत्या, त्या न लढता निघून गेल्या. शिंद्यांचा कारभारी यादवराव मात्र जखमी होऊन पुढे मेला. पोलमनच्या पलटणी जुई नदीला पाठ देऊन पुन्हा एकदा रांगेत उभ्या राहिल्या. शेवटच्या हल्ल्यात मॅक्सवेल मारला गेला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ही रांग नदीपलीकडे गेली.

इंग्रजांची ४२८ माणसे मेली, ११३८ जखमी झाली, १८ बेपत्ता. म्हणजे लढणाऱ्या दर तिघांत एक पडला. पाठलाग करायला त्यांच्यात त्राण नव्हते. जखमींसाठी अजिंठ्याला इस्पितळ मांडावे लागले. शिंद्यांच्या बाजूला मैदानावर सुमारे बाराशे मेले, जखमी कित्येक पट. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. वेलस्लीने लिहून ठेवले की असा तोफांचा मारा आणि असे पायदळ हिंदुस्थानात आपण पाहिले नव्हते. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवल्यानंतर म्हातारपणी त्याला कुणी विचारले की रणावर आपण केलेली सर्वांत चांगली कामगिरी कुठली, तर त्याने असईचेच नाव घेतले.

मग हरलो का? जुने उत्तर असे की मराठ्यांनी गनिमी कावा सोडून इंग्रजी पद्धत धरली, तिथेच घात झाला. हे वेलस्ली आणि मन्रोचे मत होते आणि आपल्याकडेही अनेकांनी ते उचलले. मला ते पटत नाही. पुढच्याच वर्षी यशवंतरावाने घोडदळाच्या बळावर कर्नल मॉन्सनची दाणादाण उडवली खरी, पण १८०४ च्या नोव्हेंबरात फर्रुखाबादेला इंग्रज सेनापती लेकने त्याच घोडदळाला झोपेत गाठून उधळले. मुलूख राखायचा तर तोफा आणि पायदळ हवेच होते, आणि असईला त्यांनी आपले काम केले. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने या मोहिमेचा बारकाईने अभ्यास करून दाखवले आहे की इंग्रजांचे खरे बळ पैशात आणि उधारीत होते. युद्धाच्या तोंडावर गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला की शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या अंमलदारांना कंपनी पगार देईल. एकामागून एक अंमलदार गेले. खुद्द पेराँ सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पोलमनही नंतर कंपनीच्या चाकरीत दिसतो. पलटणी तशाच राहिल्या, हुकूम देणारा गेला. असईची हार शिपायाची नाही. ती धन्यांची आहे, आणि दौलतराव, रघुजी, बाजीराव, यशवंतराव या चौघांनी ती वाटून घेतली पाहिजे.

त्यानंतर सगळे भराभर घडले. उत्तरेत लेकने ४ सप्टेंबरला अलीगड आणि ११ ला दिल्लीजवळची लढाई आधीच जिंकली होती. १४ ऑक्टोबरला कटक पडले. १ नोव्हेंबरला लासवारीला उत्तरेतले उरलेसुरले कंपू संपले, तिथेही गोलंदाज तोफांपाशीच मेले. २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावला पुन्हा हार झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड गेला. दोनच दिवसांनी भोसल्यांनी देवगावचा तह केला, ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा. भोसल्यांचे कटक आणि बालेश्वर गेल्याने बंगालपासून मद्रासपर्यंतचा किनारा कंपनीला सलग झाला. शिंद्यांचा गंगा-यमुनेमधला दुआब गेला, आणि त्याच मुलखाच्या वसुलीवर कंपू पोसले जात होते. तोफा पुन्हा ओतता आल्या असत्या, पण आता पैसा कुठून आणणार? दिल्ली गेली, आग्रा गेले, आंधळा म्हातारा शाह आलम कंपनीच्या पेन्शनीवर आला. युरोपीय माणूस कंपनीच्या संमतीशिवाय नोकरीत ठेवायचा नाही, हे कलम दोन्ही तहांत घातले गेले. दक्षिणेत शिंद्यांना राहिली ती जांबगाव, चांभारगोंदे अशी थोडी वडिलार्जित ठिकाणे.

दिल्ली-आग्र्याइतकीच मोठी एक गोष्ट आपल्या घरात झाली आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड आणि अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा जालना-गंगापूरचा मुलूख विजेत्यांनी आपला दोस्त निजाम याला देऊन टाकला. असईचे रणही त्यातच आले. वऱ्हाड १८५३ साली कर्जापोटी निजामाकडून इंग्रजांकडे गेले. जालना मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला. मराठवाड्यातल्या शाळांची भाषा, तिथली जमीनदारी, रेल्वेचा आणि पाटबंधाऱ्यांचा उशीर, यांविषयी आज आपण तावातावाने बोलतो. त्या बोलण्यात १८०३ च्या तहांचा उल्लेख आला पाहिजे.

त्या दिवशी वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर एक तेविशीतला मुलकी अंमलदार होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. तो देवगावच्या तहानंतर नागपूरला रेसिडेंट झाला, १८११ साली पुण्याला आला, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली तेव्हा बाजीरावाच्या समोर तोच होता. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. मराठी राज्याचा शेवट आपण १८१८ मध्ये मानतो, पण तो शेवट करणारा माणूस असईच्या मैदानात तयार झाला होता, आणि खडकीला मराठ्यांच्या हातात शिंद्यांचे कंपू नव्हते.

विजेत्यांनी आपली आठवण नीट जपली. असईला लढलेल्या पलटणींना निशाणावर हत्तीचे चिन्ह मिळाले, आणि तो हत्ती आजच्या भारतीय लष्करातल्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हात अजून आहे. स्वतंत्र भारताने असईचा रणसन्मान मात्र नाकारलेल्या सन्मानांत टाकला, आणि ते योग्यच झाले. तरीही कंपनीच्या बाजूने मेलेले मद्रासी शिपाई कोणत्या पलटणीचे होते, किती होते, हे पलटणवार नोंदलेले आहे. आपण ही लढाई वाचतो ती सगळी वेलस्लीच्या खलित्यांतून आणि त्याच्या अंमलदारांच्या पत्रांतून. शिंद्यांच्या तोफखान्यातले जमादार, गोलंदाज, त्यांची गावे, त्यांच्या थकलेल्या पगाराचे हिशेब हे मोडी कागदांत असणार. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले असंख्य रुमाल अजून पुरते वाचले गेलेले नाहीत, आणि शिंदे-भोसल्यांच्या चाकरीत असलेल्या अनेक घराण्यांकडे जुने कागद पडून आहेत. ज्यांना मोडी येते त्यांनी १८०३ चे कागद वाचायला घ्यावेत, आणि ज्यांच्या माळ्यावर असे बाड असेल त्यांनी ते वाळवीच्या तोंडी जाण्याआधी जवळच्या इतिहास संशोधन मंडळात नेऊन द्यावे.